नागपुरी पत्र्याचा कूलर: गेज सगळेच सांगतात, जस्त किती ते कोणी सांगत नाही

होळी आटोपली की नागपुरात पत्र्याचे कूलर दुकानांतून फुटपाथवर उतरतात. प्लॅस्टिकचे कितीही आले तरी नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) काढायचा तर पत्र्याचाच, हे इथलं जुनं मत. हवेच्या बाबतीत ते खरं आहे. तीन बाजूंना खस भरलेल्या मोठ्या ताट्या, अठरा इंची पंखा आणि कोणत्याही कोपऱ्यावर दुरुस्त होणारी रचना यांची बरोबरी डबाबंद मालाला अजून जमलेली नाही. हे परीक्षण मात्र हवेचं नाही, बॉडीचं आहे: स्थानिक कारागीर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा कापून, वाकवून, रिव्हेट मारून जी दोन फुटी बॉडी उभी करतात तिचं. मोटर जळली तर रिवाइंड होते, पंप बसला तर नवा येतो, खस दरवर्षी बदलायचीच असते. टाकीला भोकं पडायला लागली की कूलर भंगारात जातो.

बॉडीबद्दल दुकानात एकच आकडा ऐकू येतो. “चोवीस गेज आहे भाऊ, दहा वर्षं पाहाचं काम नाही.” गेज म्हणजे पत्र्याची एकूण जाडी; आकडा मोठा तितका पत्रा पातळ. पंखा पाच नंबरवर टाकल्यावर बॉडी थरथरते की नाही, भरलेली टाकी मधोमध झोळ खाते की नाही, हे गेजवर ठरतं. त्या कसोटीवर चोवीस गेजची बॉडी चांगलीच उतरते आणि सव्वीस गेजची टाकी टाळलेली बरी. पण गेजचे तक्तेही एकाहून जास्त आहेत. आपल्याकडच्या रूढ ब्रिटिश तक्त्यात चोवीस गेज म्हणजे ०.५६ मिलिमीटर, अमेरिकन जीआयच्या तक्त्यात तेच ०.७० मिलिमीटर. म्हणून गेज विचारूच नये, मिलिमीटर विचारावेत. आणि मिलिमीटर कळल्यावर खरा प्रश्न विचारावा: जीएसएम किती?

जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे किती ग्रॅम जस्त चढवलंय तो आकडा. लोखंडाला गंजापासून वाचवतं ते हे जस्त, आणि त्याची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. ग्रॅमवरून मायक्रॉन काढायला कोणत्याही तक्त्याची गरज नाही. एक चौरस मीटरवर एक मायक्रॉन जाडीचा थर दिला तर त्याचं आकारमान भरतं बरोबर एक घन सेंटिमीटर. जस्ताची घनता ७.१४, म्हणजे त्या एका मायक्रॉनचं वजन ७.१४ ग्रॅम. एका बाजूच्या ग्रॅमला ७.१४ ने भागलं की मायक्रॉन हातात.

“एका बाजूच्या” या दोन शब्दांत बहुतेक जण फसतात. पत्र्यावर लिहिलेला जीएसएम दोन्ही बाजूंचा मिळून असतो. झेड २७५ म्हणजे दोन्हीकडे मिळून २७५ ग्रॅम. एका बाजूला १३७.५, म्हणजे सुमारे १९ मायक्रॉन. झेड १२० म्हणजे एका बाजूला ६० ग्रॅम, ८.४ मायक्रॉन. झेड ८० असेल तर जेमतेम साडेपाच. तोंडी हिशेबाला सोपी युक्ती: लिहिलेल्या जीएसएमला सरळ चौदाने भागा. २७५ भागिले १४, साडेएकोणीस; काउंटरवर उभ्या उभ्या इतकं पुरे.

नेमका याच्या उलट नियम कूलरच्या स्टँडला. अँगलचं स्टँड तयार करून मग वितळलेल्या जस्तात बुडवलेलं असेल, तर तिथे सांगितलेला आकडा प्रत्येक पृष्ठभागाचा असतो, दोन बाजूंची बेरीज नसते. आयएस ४७५९ या भारतीय मानकाप्रमाणे पाच मिलिमीटर आणि त्याहून जाड लोखंडावर ६१० ग्रॅम लागतात. तो आकडा दोनाने न भागता थेट ७.१४ ने भागायचा: ८५ मायक्रॉन. म्हणून बुडवलेलं स्टँड तीन कूलर खाऊन उरतं. पत्र्याचा २७५ आणि स्टँडचा ६१० शेजारी ठेवून “दुप्पट जस्त” म्हणणं चूक आहे. ते साडेचारपट आहे.

आता हे कूलरवर उतरवून पाहू. दोन फूट बाय दोन फूट टाकीचा तळ म्हणजे ०.३७ चौरस मीटर. झेड १२० चा पत्रा असेल तर तळाच्या आतल्या बाजूला, जिथे पाणी उभं राहतं तिथे, सगळं मिळून २२ ग्रॅम जस्त. झेड २७५ असेल तर ५१ ग्रॅम. फरक २९ ग्रॅमचा; जुन्या मापाने अडीच तोळे. अख्ख्या बॉडीला वीस चौरस फूट पत्रा लागतो असं धरलं तर दोन्ही बाजूंचा मिळून फरक पाव किलोच्या थोडा वर जातो. आठ किलोच्या बॉडीत पाव किलो जस्त: कूलर किती उन्हाळे काढणार हे तेवढ्यावर ठरतं, आणि बिलावर मात्र त्याचा उल्लेख नसतो.

हे पाव किलो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, हाताने जाणवत नाही. पत्रा किलोवर विकतात, म्हणून जड तो चांगला अशी समजूत आहे. पण दोन्ही पत्रे एकूण ०.५६ मिलिमीटरचेच असतील तर जास्त जस्ताचा पत्रा किंचित हलका भरतो, कारण जस्त लोखंडापेक्षा हलकं आणि त्याने तेवढी जागा लोखंडाची खाल्लेली असते. मायक्रोमीटर लावूनही उपयोग नाही. १२० आणि २७५ मधला एकूण फरक २२ मायक्रॉनचा, आणि पत्र्याच्या जाडीत कारखान्याला त्याहून मोठी घट-वाढ मान्य असते. राहिली ती चांदणी, पत्र्यावरची फुलं. मोठी फुलं म्हणजे जाड मुलामा, हे नागपूरच्या लोखंड बाजारात, लोहा ओळीत, आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. फुलं किती मोठी येणार हे जस्ताच्या भट्टीत शिसं किंवा अँटिमनी किती आणि पत्रा किती सावकाश थंड झाला यावर ठरतं. शिसं नसलेल्या भट्टीतला झेड २७५ अगदी सपाट, करडा दिसू शकतो, आणि झेड ८० चांदण्या रात्रीसारखा चमकू शकतो.

मग कळायचं कसं? पहिली गोष्ट, शीटवरचा छाप. आयएस २७७ चा आयएसआय शिक्का, जाडी आणि मुलाम्याचा ग्रेड कारखान्याच्या मालावर छापलेला असतो. बॉडी बनवताना तो भाग कापला जातो किंवा आत जातो, म्हणून तयार कूलर न घेता बनवून घेत असाल तर पत्रा कापायच्या आधी छाप पाहून घ्या.

दुसरा मार्ग कातरणीतल्या तुकड्याचा, आणि तोच खरा. कारागिराकडून ५० बाय १०० मिलिमीटरचा तुकडा कापून घ्या. साबणाने, मग थिनरने तेल काढा, पूर्ण वाळवा आणि ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. सराफाचा काटा चालतो. ०.५६ चा तुकडा साधारण २२ ग्रॅम भरतो. मग अर्धा लिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात साडेतीन ग्रॅम हेक्झामिन विरघळवून, ते पाण्यात ओतून एक लिटर केलेल्या द्रावणात तो सोडा. द्रावण बनवताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. तुकडा पडताच बुडबुड्यांचा फेस उसळतो. तो हायड्रोजन आहे, जवळ काडी ओढू नका, काम उघड्यावर करा, चष्मा आणि रबरी मोजे घाला. जस्त संपलं की फेस एकदम मंदावतो आणि चमकता पत्रा काळपट होतो. लगेच काढा, वाहत्या पाण्यात ब्रशने घासा, पुसून गरम हवेत वाळवा, पुन्हा वजन करा.

समजा आधी २१.९२ ग्रॅम होतं, नंतर २१.३१. घट ०.६१ ग्रॅम. तुकड्याचं क्षेत्रफळ ०.००५ चौरस मीटर, म्हणून १२२ जीएसएम, एका बाजूला ६१, म्हणजे साडेआठ मायक्रॉन. हा झेड १२० चा माल. हीच घट १.३७ च्या आसपास आली असती तर २७५ चा. क्षेत्रफळ मोजताना रुंदीत एक मिलिमीटर चुकलं तरी उत्तर दोन टक्क्यांनी हलतं, म्हणून कात्रीच्या वेड्यावाकड्या तुकड्यासाठी दुसरं सूत्र वापरावं: वजनातली घट भागिले उरलेलं वजन, गुणिले मुलामा गेल्यानंतरची जाडी मिलिमीटरमध्ये, गुणिले ७८५०. वरच्याच तुकड्याची उरलेली जाडी ०.५४ आली, तर उत्तर १२१. क्षेत्रफळाची गरजच नाही.

हेक्झामिनला फाटा देऊ नका. ते नसेल तर जस्त संपल्यावर आम्ल लोखंडही खायला लागतं, घट फुगते आणि हलका पत्रा कागदावर भारी ठरतो. किराणा दुकानातल्या संडास धुवायच्या तेजाबाने केलेल्या चाचणीवर म्हणूनच विसंबू नये.

निकाल वाचतानाही थोडा धीर हवा. २७५ हा आकडा शीटच्या रुंदीत तीन जागांच्या सरासरीचा असतो. एका जागी २३५ पर्यंत उतरलेलं चालतं. एकाच तुकड्यावर २४० आलं म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. दुसरं, जस्त दोन्ही बाजूंना अगदी निम्मं-निम्मं नसतं. एका बाजूला त्या किमान आकड्याच्या चाळीस टक्के इतकंच असलं तरी माल सहसा नापास होत नाही. २३५ चे चाळीस टक्के ९४ ग्रॅम, म्हणजे १३ मायक्रॉन. हीच पातळ बाजू टाकीच्या आत गेली तर १९ चा हिशेब गडगडतो. शंका असेल तर तुकड्याची एक बाजू जाड नेलपॉलिशने झाकून दुसरीच उतरवा आणि मग आत कोणती घ्यायची ते कारागिराला खडूने खूण करून द्या.

तिसरा मार्ग चुंबकीय जाडीमापक मीटरचा. तयार कूलरवर, तुकडा न कापता, तोच चालतो. पण मीटरसोबत येणारी शून्य करायची पट्टी चांगली जाड असते आणि आपला पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा. पातळ लोखंडावर मीटर मुलामा जास्त दाखवतो. म्हणून शून्य करायचं ते त्याच पत्र्याच्या जस्त उतरवलेल्या तुकड्यावर. वरच्या चाचणीतला काळा तुकडा फेकू नका, तो इथे लागतो. घडीपासून आणि कडेपासून इंचभर आत, पाच जागी मोजून सरासरी घ्या. स्वस्त मीटरची चूक दोन मायक्रॉनच्या आसपास धरावी. १९ वर ती चालून जाते, ८ वर ती पाव हिस्सा होते. आणि रंगवलेल्या बॉडीवर हा मीटर रंग अधिक जस्त अशी बेरीज दाखवतो. निळ्या रंगाच्या बॉडीवर “साठ मायक्रॉन” दाखवून कोणी जस्ताची बढाई मारत असेल तर त्यातले पन्नास रंगाचे असू शकतात.

बॉडीच्या वरच्या भागाला इतकी काळजी लागत नाही. समुद्रापासून दूरच्या मध्यम हवेत जस्त वर्षाला ०.७ ते २ मायक्रॉन झिजतं असं आंतरराष्ट्रीय वर्गवारी मानते. त्या हिशेबाने ८ मायक्रॉनसुद्धा चार ते बारा वर्षं काढतात, १९ असतील तर नऊपासून पुढे. बाजूच्या चौकटी, छत, दारं यांना झेड १२० पुरतो. तिथे २७५ चा हट्ट म्हणजे पैशांची उधळण.

टाकीत मात्र हा हिशेब लावायचाच नाही, कारण ते आकडे हवेतले आहेत. टाकीत पाणी नुसतं साठत नाही, ते आटत जातं. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेलं बोअरचं पाणी धरा आणि दिवसाला चाळीस लिटर उडालं धरा: रोज वीस ग्रॅम क्षार टाकीत मागे राहतात. दहा दिवसांत दोनशे ग्रॅम. खसची काडी, धूळ आणि हा पांढरा गाळ कोपऱ्यात बसतो, त्याच्याखाली हवा पोचत नाही आणि तिथे जस्त एकसारखं न झिजता टाचणीच्या टोकाएवढ्या खड्ड्यांनी पोखरलं जातं. सरासरी १९ मायक्रॉन शिल्लक असतानाही टाकी गळते ती अशी. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण सोडून द्यायला हवं, वरून भरत राहायचं नाही. तळाला सोडणीचं बूच नसलेली टाकी घेऊ नये. बऱ्याच बॉड्यांत ते नसतं किंवा तळापासून अर्धा इंच वर बसवलेलं असतं, आणि हा या मालाचा सगळ्यात चीड आणणारा दोष आहे. अर्धा इंच खारं पाणी कायम उरतं.

पांढरा थर काढायला अनेक घरांत तेजाब ओततात. थर चकचकीत निघतो खरा, पण वरची चाचणी आठवा: जस्त उतरवायला आपण तेच आम्ल वापरलं होतं, आणि इथे तर हेक्झामिनही नाही. आठ मायक्रॉनला काही मिनिटं पुरतात. ओला थर लाकडी पट्टीने आणि नायलॉनच्या ब्रशने खरवडावा. तारेचा ब्रशही नको.

जोडांकडे वाकून पाहा. स्पॉट वेल्डने जोडलेल्या टाकीत वेल्डच्या ठिपक्याभोवती जस्त जळून गेलेलं असतं. ते ९०७ अंशांना उकळतं आणि वेल्डिंगचं तापमान त्याच्या कितीतरी वर. घडी घालून, रिव्हेट मारून, सोल्डर भरलेली टाकी बरी, पण सोल्डरच्या आधी लावलेला झिंक क्लोराईडचा फ्लक्स धुतलेला हवा. जोडाच्या कडेला पांढुरकी चिकट पावडर दिसली तर तो धुतलेला नाही. कापलेल्या कडेची तितकी भीती नको. शेजारचं जस्त स्वतः झिजून त्या उघड्या धारेला सांभाळतं.

गॅल्व्हाल्यूमच्या, म्हणजे जस्त-ॲल्युमिनियमचा मिश्र मुलामा दिलेल्या पत्र्याच्या, बॉड्याही आता दाखवल्या जातात. एझेड १५० चा आकडा २७५ पेक्षा लहान दिसतो म्हणून तो कमी समजू नये: त्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम असल्याने घनता ३.७५, म्हणून १५० भागिले साडेसात, बरोबर २० मायक्रॉन. छताला, बाजूंना उत्तम. टाकीला नको. साचलेल्या क्षारयुक्त पाण्यात ॲल्युमिनियमची बाजू लंगडी पडते आणि उघड्या धारेला ते जस्ताइतकं सांभाळत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. नव्या जीआयवर थेट मारलेला साधा ऑइल पेंट एक-दोन उन्हाळ्यांत पापुद्र्यासारखा सुटतो, कारण त्यातलं तेल जस्ताशी मिळून रंगाखाली साबण तयार करतं. आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्तावर पकड धरणारं अस्तर, हवा. टाकीच्या आत बिटुमेनचे दोन हात किंवा इपॉक्सी, तेही नवी असतानाच, गंज दिसल्यावर नाही. झिंकचा स्प्रे वेल्डच्या ठिपक्यांपुरता ठीक. पण डब्यावरच्या मायक्रॉनला ७.१४ ने गुणू नका, त्या थरात जस्ताची पूड आणि रेझिन दोन्ही असतात. पेच पाहा: पिवळसर-चंदेरी मुलाम्याच्या पेचावर साधारण पाच मायक्रॉन असतात, म्हणून पहिला तांबडा ओघळ तिथूनच येतो. आणि अर्थिंगची वायर रंगावर किंवा गंजलेल्या बोल्टवर आवळलेली असेल तर ती नसल्यासारखीच. तिथला रंग खरवडून, दाती वॉशर घालून घट्ट करून घ्या. पत्र्याच्या कूलरचा शॉक ही विदर्भात थट्टेची गोष्ट नाही.

बनवून घेताना कारागिराला इतकंच सांगावं: टाकी झेड २७५ ची, ०.५६ मिलिमीटर, बाकी बॉडी झेड १२० चालेल, बूच तळाशी सपाट, आणि पत्र्याचा ग्रेड बिलावर लिहून. फक्त टाकीचा पत्रा बदलल्याने किमतीत पडणारा फरक खसच्या एका जोडापेक्षा फार जात नाही. मृगाचा पाऊस लागला की ताट्या काढून, टाकी धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून कूलर उलटा ठेवायचा, बूच उघडं. ओल्या खससकट गच्चीवर प्लॅस्टिकखाली झाकलेल्या कूलरच्या टाकीत दिवाळीपर्यंत पांढरी भुकटी साचलेली मिळते, आणि ती भुकटी म्हणजे आपण मोजून घेतलेलंच जस्त.